यंत्राची खूण आणि बोलीतला वाक्प्रचार : खानदेशच्या निमित्ताने

१

मराठीच्या विद्यापीठीय अध्यापनात वाक्प्रचारांना मान आहे. मात्र हा मान बहुधा त्यांच्या वयावरून ठरतो. 'धुरा सांभाळणे', 'चाकोरी सोडणे', 'पाचर मारणे', 'मोडीत काढणे' असे प्रयोग विद्यार्थ्याने निबंधात केले, तर त्याची भाषा संपन्न समजली जाते. त्याच विद्यार्थ्याने 'फ्यूज उडाला', 'कोणीतरी चावी दिली', 'साइडिंगला टाकले', 'भंगारात काढले' असे लिहिले, की परीक्षकाची तांबडी शाई त्या शब्दांखाली रेघ ओढते आणि समासात 'ग्राम्य' असा शेरा उमटतो. या दोन गटांत प्रकृतीचा काही भेद आहे काय, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

वस्तुतः दोन्ही गटांचे कूळ एकच आहे. 'धुरा' म्हणजे गाडीच्या जुवाचा, ओझे पेलणारा भाग. 'धुरीण' आणि 'धुरंधर' ही विशेषणे मुळात ती धुरा वाहण्यास समर्थ अशा जनावराची होत. साहित्यक्षेत्रातील धुरीणांना ती लागू झाली, तेव्हा बैल मागे राहिला आणि मोठेपणा तेवढा पुढे आला. 'चाकोरी' ही चाकांच्या जाण्यायेण्याने पडलेली खोल वाट. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत ती वाळून इतकी टणक होते, की गाडीवानाने मनात आणले तरी चाक बाहेर निघत नाही. 'चाकोरीबाहेरचे लेखन' असा गौरव करणाऱ्या समीक्षकाला ती माती क्वचितच आठवत असेल. 'पाचर' ही सुताराची. 'मोड' म्हणजे जुनी, फुटकी भांडी, जी वजनावर विकली जात. 'मोडीत काढणे' हा तांबट-कासारांच्या व्यवहारातला प्रयोग आज अग्रलेखांत निःशंकपणे वापरला जातो. 'भंगारात काढणे' या प्रयोगात नेमका हाच व्यवहार, हीच कृती आणि हाच लक्ष्यार्थ आहे. तरीही पहिला प्रयोग शिष्ट आणि दुसरा ग्राम्य! दोहोंत अंतर आहे ते काळाचे. पहिल्या गटामागचे साधन विस्मरणात गेले आहे. दुसऱ्यामागचे अजून डोळ्यांसमोर आहे, किंवा कालपरवापर्यंत होते.

यंत्रापासून निघालेले बोलीतले प्रयोग हा भाषेचा भ्रष्टाकार नसून अर्थनिर्मितीची जुनीच रीत आहे, एवढे सांगून थांबणे पुरेसे नाही. त्यापुढचा मुद्दा अधिक निकडीचा आहे. अशा प्रयोगांचा पुरावा शब्दापेक्षा यंत्रात असतो. यंत्र नाहीसे झाले आणि ते चालवणारा माणूस गेला, की शब्द उरतो. पण तो तसा का म्हणतात हे सांगणारे कोणी उरत नाही. खानदेशात, विशेषतः जळगाव-धुळे परिसरात, ही वेळ येऊन ठेपली आहे.

२

संस्कृत साहित्यशास्त्रातील लक्षणेच्या चर्चेकडे या दृष्टीने पुन्हा पाहता येते. मुख्य अर्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा संबंध म्हणजे तद्योग, आणि रूढी किंवा प्रयोजन या तीन गोष्टी असल्या म्हणजे लक्षणा सिद्ध होते, हे पदव्युत्तर वर्गात शिकवले जाते. रूढलक्षणेचे उदाहरण म्हणून मम्मटाने 'कुशल' हा शब्द घेतला : मूळ अर्थ कुश गवत तोडून आणणारा, रूढ अर्थ निपुण. कुशाची पाती धारदार. ती हात न कापता तोडणे हे कौशल्याचे काम. म्हणजे साहित्यशास्त्रातील हे ठरीव उदाहरणसुद्धा हातकामाच्या अनुभवातून आलेले आहे. त्यावर विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त घेतलेला आक्षेपही विचारार्ह आहे : निपुण हाच आता त्या शब्दाचा मुख्यार्थ आहे, व्युत्पत्ती निराळी आणि प्रवृत्ती निराळी, तेव्हा येथे लक्षणा मानण्याचे कारण नाही.

हा वाद आजच्या बोलीला लावून पाहिला, तर तो किती जिवंत आहे हे दिसते. 'त्याचा फ्यूज उडाला' या वाक्यात माणसाला फ्यूज नसतो, हा मुख्यार्थबाध. ऐनवेळी बुद्धी बंद पडणे आणि प्रवाह खंडित होणे यांतील साम्य, हा तद्योग. गंभीर प्रसंगाला विनोदाने हलके करणे, हे प्रयोजन. तीनही अटी पूर्ण होतात. परंतु यांतला तद्योग ऐकणाऱ्याला केव्हा प्रतीत होतो? चिनीमातीच्या पकडीतली बारीक तार ज्याने पाहिली आहे, मर्यादेबाहेर प्रवाह आला की ती तार स्वतः वितळते आणि पुढचे मंडल वाचवते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच. घरोघरी आता आपोआप खाली पडणारी कळ बसली आहे. ती पुन्हा वर केली की काम झाले. तार बदलण्याचा अनुभव नसलेल्या पिढीला 'फ्यूज उडणे' कळते ते केवळ रूढीने. प्रयोजनवती लक्षणा रूढ लक्षणेत उतरते आणि आणखी काही काळाने विश्वनाथ म्हणतो त्याप्रमाणे ती लक्षणाही राहणार नाही. प्रत्येक वाक्प्रचाराचा हा प्रवास असतो. त्यात तद्योग पुसला जाण्याचा क्षण मात्र फार थोडा वेळ अभ्यासकाच्या हाती असतो.

३

खानदेशाचा विचार याबाबतीत विशेष उद्बोधक ठरतो, कारण या शेतीप्रधान मुलखात यंत्र फार लवकर आणि फार दाट आले. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग येथून गेला आणि भुसावळ हे मोठे रेल्वेचे गाव झाले. त्याच दशकाच्या आरंभी, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि येथील कापसाचे मोल वाढले. पुढे जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या गावांभोवती सरकी काढणारे जीन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. 'जीन' आणि 'प्रेस' हे शब्द येथे इतके रुळले, की त्यांचे परकेपण कोणाला जाणवत नाही. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर घरातली चूल पेटण्याची आणि विझण्याची वेळ ठरे. चाळीसगाव-धुळे ही शाखा आणि तापीकाठाने सुरतेकडे जाणारा मार्ग यांनी लहान गावेही रुळांशी जोडली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर सुटली. त्यानंतर काही वर्षांतच 'यष्टी' हा उच्चार खेडोपाडी मराठी झाला. विहिरीवर आधी तेलाचे इंजिन आणि मग विजेची मोटार आली. त्यानंतर डाळमिल, तेलगिरण्या, प्लास्टिकच्या चटया आणि पाण्याचे नळ बनवणारे कारखाने यांनी जळगावची औद्योगिक ओळख घडवली.

वाङ्मयाच्या इतिहासातही ही गावे गौण नाहीत. केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक १८८७ मध्ये जळगावात छापले जाऊ लागले. 'धावता धोटा' या गिरणी कामगारांच्या जीवनावरील कादंबरीचे लेखक मामा वरेरकर हे १९४४ च्या धुळे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कादंबरीच्या नावातला धोटा हा मागावरचाच. 'मराठी व्युत्पत्तिकोश' सिद्ध करणारे कृ. पां. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये अमळनेर या गिरणीच्या गावी भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. शब्दांच्या इतिहासाला आयुष्य वाहिलेल्या वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. व्युत्पत्तीचा विचार आणि यंत्राचा आवाज या मुलखात इतक्या जवळ नांदले असूनही त्यांची गाठ अभ्यासात पडली नाही. खानदेशातील बोलींवरील लेखन बव्हंशी अहिराणी, लेवा बोली, लोकगीते, सणवार, शेतीची अवजारे यांकडे वळले. ते मोलाचे आहेच. परंतु वर्कशॉप, डेपो, जीन आणि यार्ड यांतील बोली त्यात अपवादानेच आली. 'लोक' म्हणजे शेतकरी आणि 'लोकभाषा' म्हणजे यंत्रापूर्वीची भाषा, अशी एक अनुच्चारित समजूत यामागे असावी.

४

यंत्राची ओळख वाक्प्रचाराच्या अर्थात किती भर घालते, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. हे प्रयोग मराठीत सर्वत्र ऐकू येतात, खानदेशापुरते नाहीत. मात्र त्यांचा उलगडा करणारी माणसे येथे हाताशी आहेत.

'चावी देणे' म्हणजे चिथावणे. कुलूप किंवा मोटारसायकल एवढ्याच चाव्या माहीत असलेल्या विद्यार्थ्याला हा अर्थ लागत नाही. चावीने उघडते किंवा सुरू होते, त्यात चिथावणी कोठून आली? ही चावी भिंतीवरच्या घड्याळाची आणि पत्र्याच्या खेळण्याची. ती फिरवली म्हणजे आतल्या स्प्रिंगला पीळ बसतो. चावी देणारा बाजूला होतो आणि खेळणे मात्र स्वतःच्याच बळाने चालल्यासारखे दिसते. पीळ संपला की ते जागच्या जागी थांबते. चिथावलेल्या माणसाचे वागणे याहून नेमके सांगता येणार नाही : बळ दुसऱ्याचे, हालचाल याची, आणि तीही उसन्या मुदतीची.

'डोक्याचे आटे ढिले' आणि 'डोक्याचा स्क्रू ढिला' हे प्रयोग आज समानार्थी मानले जातात. फिटर त्यांना एक मानणार नाही. स्क्रू ढिला असेल तर तो पिळून घट्ट करता येतो. आटे म्हणजे स्क्रूवरच्या किंवा नटाच्या आतल्या चक्राकार खाचा. त्या झिजल्या, की नट कितीही फिरवला तरी पकड घेत नाही. नवा बसवावा लागतो. पहिला दोष दुरुस्तीचा, दुसरा बदलण्याचा. 'आटे' हा शब्द लोहारकामातून आलेला, अस्सल देशी आहे, हेही ध्यानात घ्यावे.

रेल्वेच्या भाषेतील 'लाइन क्लिअर' हा प्रयोग आज 'पाहणारे कोणी नाही, खुशाल जा' अशा अर्थाने चालतो. यार्डातला अर्थ याहून जबाबदारीचा आहे. पुढच्या स्थानकाच्या मास्तराने मधला मार्ग मोकळा असल्याचे मान्य करून गाडी स्वीकारण्याचा शब्द द्यावा लागतो. तो मिळाल्यावाचून या स्थानकातून गाडी सोडता येत नाही. एकेरी मार्गावर त्या परवानगीची खूण म्हणून वेताच्या कड्यातून चालकाच्या हाती गोळा दिला जाई. म्हणजे मार्ग रिकामा दिसणे पुरेसे नसून पलीकडच्या माणसाने दायित्व पत्करणे आवश्यक असते. बोलीने यातला मोकळेपणा उचलला आणि दायित्व गाळले. अर्थसंक्रमणात काय वगळले जाते, हे अशा वेळी मूळ यंत्रव्यवहार ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

'साइडिंगला टाकणे' या प्रयोगात उलट बारकावा टिकून आहे. बाजूच्या रुळावर उभा केलेला डबा नादुरुस्त नसतो; दुसऱ्या गाडीला वाट द्यायची म्हणून किंवा तूर्त काम नाही म्हणून तो तेथे असतो. कर्तबगार अधिकाऱ्याला बिनकामाच्या जागेवर बसवले, की खानदेशातला माणूस 'साइडिंगला टाकले' म्हणतो, 'भंगारात काढले' म्हणत नाही. अन्याय कोणावर आणि कसा झाला, हे त्या एका शब्दाच्या निवडीत येते.

राज्य परिवहनाच्या गाडीत वाहकाच्या घंटेचा एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. यावरून 'डबल बेल देणे' म्हणजे पुढे जाण्यास संमती देणे. चालक मागे पाहू शकत नाही. दार लागले, माणसे चढली, हे वाहकाने पाहिलेले असते. या प्रयोगातही संमतीमागे दुसऱ्याचा डोळा आहे. राजकीय भाषणांतून अलीकडे रूढ झालेला 'डबल इंजिन' हा शब्द याच निकषावर तपासता येईल. मुंबईहून खानदेशाकडे येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिन जोडतात ते घाट चढण्यासाठी. इगतपुरीला ते काढून घेतले जाते. जोडण्याचे कारण चढ आहे आणि जोड तात्पुरती आहे, हे दोन्ही धागे प्रचारातल्या शब्दातून गळाले.

जुन्या साधनाचे नाव नव्या साधनाला चिकटते, हाही एक प्रकार. 'खटारा' ही मुळात ओझ्याची बैलगाडी. आता खिळखिळ्या मोटारीला तो शब्द लागतो. आग नसलेल्या, विजेवर धावणाऱ्या गाडीलाही 'आगगाडी' म्हणणारे वृद्ध अजून भेटतात.

स्त्रियांच्या हातातली साधने या चर्चेत सहसा सुटतात. 'तेच दळण दळणे', 'चऱ्हाट वळणे', 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' या प्रयोगांत जाते हे यंत्रच आहे आणि दोर वळणे ही यांत्रिक कृतीच आहे. बहिणाबाई चौधरी यांची १९५२ साली ग्रंथरूप झालेली गाणी घरोट, मोट अशा साधनांच्या सान्निध्यातून उमललेली आहेत, हे सर्वश्रुत आहे. परंतु जीनमध्ये यंत्रावर कापूस टाकण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांची बोली मात्र कोणी तितक्या आस्थेने टिपलेली नाही. त्या बोलीला जात्याइतके काव्यमय मानण्याची अभ्यासकांची तयारी नसावी.

५

यंत्रावरून व्युत्पत्ती सांगण्यात धोकाही आहे, आणि तो लहान नाही. मनोरंजक कथा रचणे सोपे असते. एकदा ती छापली गेली की पुढचे दहाजण ती उद्धृत करतात. म्हणून काही फसवी उदाहरणे मुद्दाम पाहिली पाहिजेत.

'तोंडाचा पट्टा सुटणे' हा प्रयोग जीनमधल्या चामड्याच्या पट्ट्यावरून आला असावा, असे सहज वाटते. जुन्या जीनमध्ये एका लांब फिरत्या दांड्यावरून अनेक यंत्रांना पट्ट्यांनी गती दिली जाई. परंतु तेथे काम केलेला कोणीही सांगेल, की पट्टा सुटला म्हणजे यंत्र थांबते. वाक्प्रचाराचा अर्थ मात्र याच्या नेमका उलट आहे : बोलणे थांबेनासे होते. तेव्हा यंत्राचा पट्टा येथे जुळत नाही. 'पट्टा चालवणे', 'पट्टा फिरवणे' ही क्रियापदे दांडपट्ट्याशी जुळतात आणि सपासप चालणाऱ्या जिभेचे चित्रही त्याच्याशीच जुळते. येथे यंत्राची माहितीच यांत्रिक व्युत्पत्ती फेटाळण्यास उपयोगी पडली, हे लक्षणीय आहे.

'विरोधकांची मोट बांधणे' यातील मोट विहिरीवरची समजली जाते. विहिरीवरची मोट हाकतात, धरतात, ओढतात. तिला 'बांधणे' हे तिचे मुख्य काम नव्हे. बांधली जाते ती दुसरी मोट, म्हणजे गाठोडे किंवा भारा. विस्कळीत गोष्टी एकत्र आवळणे हा अर्थ तिच्यातूनच येतो. 'तोंडाची वाफ दवडणे' याचा वाफेच्या इंजिनाशी संबंध जोडण्याचा मोह भुसावळच्या आसपास होणे स्वाभाविक आहे. पण ती वाफ श्वासाची आहे, बाष्पकाची नव्हे. 'बत्ती गुल होणे' आज वीज जाण्याला म्हणतात. मात्र फारसी 'गुल' हा दिव्याच्या वातीचा जळका शेंडा. तेलाच्या दिव्यापासून कंदिलापर्यंत आणि तेथून विजेपर्यंत या प्रयोगाने तीन साधने ओलांडली. त्याला विजेचे अपत्य मानणे कालविपर्यासाचे होईल.

यावरून काही कसोट्या सांगता येतात. पहिली, यंत्राचे वर्तन आणि वाक्प्रचाराचा अर्थ यांची दिशा एक असली पाहिजे. दुसरी, वाक्प्रचारातले क्रियापद त्या यंत्राच्या व्यवहारात प्रत्यक्ष वापरले जात असले पाहिजे. तिसरी, कालक्रम जुळला पाहिजे. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची. १८३१ च्या आवृत्तीत जो लाक्षणिक अर्थ नोंदलेला असेल, तो रेल्वेतून आला असे म्हणता येणार नाही. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धासाठी असाच निकष पुरवतात. चौथी कसोटी माणसाची : तो शब्द तांत्रिक अर्थाने वापरणारा आणि लाक्षणिक अर्थाने वापरणारा, असे दोन्ही साक्षीदार मिळाले पाहिजेत.

६

या विचारावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल, तो भाषाशुद्धीचा. फ्यूज, साइडिंग, बेल, स्क्रू हे इंग्रजी शब्द. त्यांना प्रतिष्ठा देणे म्हणजे मराठीवरील आक्रमणाला मान्यता देणे नव्हे काय? या आक्षेपाचे गांभीर्य नाकारण्याचे कारण नाही. माधव ज्यूलियनांसारख्या कवीने 'भाषाशुद्धि-विवेक' लिहावा, इतका तो प्रश्न मराठीच्या आस्थेचा होता. परंतु येथे शब्द आणि वाक्प्रचार यांत भेद केला पाहिजे. फ्यूज उडवणे या अर्थाचा प्रयोग इंग्रजीतही आहे. मात्र तेथे त्याचा अर्थ संताप अनावर होणे. मराठीत 'फ्यूज उडणे' म्हणजे मती गुंग होणे. एकाच वस्तूकडे पाहून दोन भाषांनी दोन निराळे अर्थ काढले. इंग्रजाला भडका दिसला, मराठी माणसाला अंधार दिसला. वाक्प्रचार भाषांतराने आला असता, तर अर्थही तोच आला असता. वस्तूचे नाव उसने आहे. पाहणे उसने नाही. 'उडणे', 'टाकणे', 'देणे' ही क्रियापदे मराठीची आहेत आणि अर्थ घडवण्याचे काम तीच करतात.

ग्राम्यतेच्या शेऱ्याबाबतही थोडे बोलणे आवश्यक आहे. परीक्षकाने प्रसंगानुरूप भाषेची अपेक्षा ठेवावी, यात गैर काही नाही. संशोधनपर निबंधात 'डबल बेल' शोभणार नाही. पण शब्द अस्थानी आहे असे म्हणणे आणि तो हीन आहे असे म्हणणे यांत अंतर आहे. खानदेशातील महाविद्यालयांच्या मराठी वर्गांत आज बसणारा विद्यार्थी बहुधा चालकाचा, फिटरचा, जीनमधल्या मजूर स्त्रीचा किंवा मोटार दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा वा मुलगी असतो. त्याच्या घरच्या शब्दावर विनाकारण रेघ ओढली गेली, की तो शब्द सोडतो असे नाही. तो वर्गात बोलणे सोडतो. १९६३ मध्ये 'कोसला' प्रसिद्ध झाली, तेव्हा खानदेशातून पुण्यात शिकायला गेलेल्या तरुणाची बोलभाषा कादंबरीची भाषा होऊ शकते हे भालचंद्र नेमाडे यांनी दाखवून दिले. त्या कादंबरीवर प्रबंध लिहून घेणाऱ्या विभागांनी तोच न्याय उत्तरपत्रिकेला नाकारावा, यात विसंगती आहे.

आणि काळ थोडा आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले. वाफेची इंजिने १९९० च्या दशकात ब्रॉडगेजवरून गेली. त्यांत कोळसा टाकणारे कामगार आज वृद्ध आहेत. पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची 'पीजे' २०२० साली थांबली. वाहकाची दोरी, चावीचे घड्याळ, चिनीमातीचा फ्यूज, वर्कशॉपचा सामायिक पट्टा या वस्तू गेल्या किंवा जात आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद रास्तच आहे. मात्र त्या दर्जामुळे सगळे लक्ष प्राचीनतेकडेच लागले, तर कालची मराठी हातून निसटेल. ताम्रपट हजार वर्षे थांबू शकतो. सत्तरी ओलांडलेला फिटर थांबू शकत नाही.

यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीनही जिल्हे येतात. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पकार्यात प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या किंवा शेजारच्या एका कामगाराकडून पंचवीस प्रयोग नोंदवावेत : यंत्राचा भाग कोणता, त्याला काय झाले म्हणजे हा शब्द वापरत, तो माणसाला प्रथम कसा लावला गेला आणि कोणत्या क्रियापदासह. शेजारी यंत्राचे साधे रेखाचित्र असावे. तीन-चार वर्षांत जमणारे हे साहित्य कोशकाराला, समीक्षकाला आणि भाषाशास्त्रज्ञाला सारखेच उपयोगी पडेल. वर सांगितलेल्या कसोट्यांवर त्यातले निम्मे प्रयोग गळाले, तरी उरलेले खात्रीचे असतील. कामाचा आरंभ भुसावळच्या निवृत्त रेल्वे कामगारांपासून आणि धुळ्या-जळगावच्या जीनमध्ये राबलेल्या स्त्रियांपासून व्हावा, कारण तेथील साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत.